पोपची तुरटी

न्हाव्याच्या दुकानात आरशाखालच्या फळीवर, पाण्याच्या वाटीशेजारी, तुरटीचा एक खडा पडलेला असतो. शेकडो गालांवरून फिरून त्याच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. दाढी उरकली की तो पाण्यात बुडवायचा आणि हनुवटीखालून कानापर्यंत ओढायचा; वस्तरा जिथे लागला असेल तिथे क्षणभर झोंबते, कातडी आखडते आणि रक्ताचा ठिपका जागच्या जागी थांबतो. हाच खडा किराणा दुकानात सुटा मिळतो. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तो दोन-चार वेळा फिरवला की गाळ तळाशी बसतो, हिरडी सुजली तर त्याच्या पाण्याने चूळ भरतात, दृष्ट काढायला कुणी तो निखाऱ्यावरही टाकते. इतक्या स्वस्त आणि इतक्या निमूट वस्तूसाठी पंधराव्या शतकात एक शहर लुटले गेले, दोन राजवटींनी संगनमत करून भाव चढवले आणि ख्रिस्ती जगाच्या धर्मगुरूने ती चुकीच्या माणसाकडून विकत घेणाऱ्याला धर्मबहिष्काराची धमकी दिली, असे सांगितले तर ऐकणारा ते हसण्यावारी नेईल. पण हे सगळे घडले आहे, आणि ते का घडले याचे जे उत्तर सहसा दिले जाते ते मला पुरेसे वाटत नाही.

ते उत्तर असे की तुरटी निसर्गात फार थोड्या ठिकाणी सापडे, म्हणून ती मौल्यवान होती. ज्याच्या हाती खाण त्याच्या हाती बाजार. ऐकायला सरळ वाटते. पण तुरटी म्हणजे ॲल्युमिनिअम आणि पोटॅशियम (किंवा अमोनियम) यांचे गंधकाम्लाशी झालेले दुहेरी मीठ. पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक असलेला धातू कोणता, तर ॲल्युमिनिअमच. वजनाने सुमारे ८ टक्के. चिकणमातीत तो आहे, कोकणातल्या जांभ्यात आहे, ज्या विटांनी घर बांधतो त्या विटांत आहे. टंचाई होती ती खनिजाची नव्हे. ते ओळखायचे कसे, भाजायचे किती, उकळायचे कुठवर, एवढ्या ज्ञानाची होती. आणि ते ज्ञान थोड्यांच्या हाती राहावे याची तजवीज करणाऱ्या कायद्यांनी ती टिकवली होती. तुरटीच्या मक्तेदाऱ्यांचा इतिहास नीट पाहिला तर प्रत्येक मक्तेदारीने भाव चढवून आपला पुढचा प्रतिस्पर्धी स्वतःच जन्माला घातलेला दिसतो. त्यातली सर्वांत मोठी मक्तेदारी पोपची, म्हणून तिची कथा तपशिलात सांगायला हवी.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. तुरटीला राजकारणात जागा मिळाली ती कातडीमुळे नव्हे, कापडामुळे. मंजिष्ठेचे मूळ उकळून त्या लाल पाण्यात लोकर बुडवली तर रंग चढतो, पण एक-दोन धुण्यांत फिका पडतो. तीच लोकर आधी तुरटीच्या पाण्यात शिजवून घेतली तर ॲल्युमिनिअम एका हाताने धागा धरतो, दुसऱ्या हाताने रंगाचा रेणू धरतो, आणि लाल रंग उन्हापावसाला दाद देत नाही. रंगबंधक म्हणतात तो हा. नीळ सोडली तर जुन्या जगातले बहुतेक पक्के रंग अशा रंगबंधकावर उभे होते. इजिप्तचा राजा अमासिस याने डेल्फीचे जळालेले देऊळ पुन्हा बांधायला एक हजार टॅलंट तुरटी दिल्याची नोंद हेरोडोटसने केली आहे. देवळाला देणगी म्हणून सोन्याच्या जोडीला तुरटी चालत होती, यातच तिची पत कळते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तुरटीचे प्रकार सांगतो, तिच्यात भेसळ आहे का हे डाळिंबाच्या रसाने कसे ओळखावे ते सांगतो, आणि औषधी उपयोगांच्या भाऊगर्दीत जाता जाता हेही नोंदवतो की ती काखेतला घाम आणि दुर्गंधी कमी करते. आजच्या प्रसाधनांच्या धंद्याचे मूळ हे अर्धे वाक्य. प्लिनी त्यावर रेंगाळत नाही, आपणही तूर्त रेंगाळायला नको.

भारताला ही विद्या युरोपकडून शिकावी लागली नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला. त्याचा अभ्यास मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत, गुलाटी आणि टर्नर या दोघांनी १९२०च्या दशकात केला. त्यावरचा रंग मंजिष्ठेच्या जातीचा असल्याचा निष्कर्ष निघाला. आता सुतावर मंजिष्ठा रंगबंधकाशिवाय टिकत नाही, आणि लाल छटेसाठी ॲल्युमिनिअमच्या क्षाराखेरीज दुसरा सोपा पर्याय नाही. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूकाठच्या रंगाऱ्याला तुरटी किंवा तिची एखादी बहीण ठाऊक असावी. हे अनुमान आहे, पण बळकट अनुमान आहे. पुढे रसशास्त्राच्या ग्रंथांत तर शंकेला जागाच उरत नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ तुवरी नावाचे द्रव्य सौराष्ट्रातल्या दगडमातीतून मिळते असे सांगतो, आणि तिची ओळख करून देताना ती कापडाला लावतात व मंजिष्ठेचा रंग ती बांधून ठेवते असे म्हणतो. वैद्यकाचा ग्रंथ, आणि ओळख रंगाऱ्याच्या कामावरून! तुवर म्हणजे तुरट. आपला ‘तुरटी’ हा शब्द याच घरातला.

सुताचे काम लोकरीहून अवघड असते, हेही इथे ध्यानात घ्यावे. लोकर तुरटी थेट पिते. सूत पीत नाही. त्याला आधी तुरट वनस्पतीचा हात लागतो. कच्छमधले अजरख छापणारे कारागीर आजही कापड आधी हिरड्याच्या पाण्यात पिवळे करून वाळवतात आणि मग त्यावर तुरटीची खळ छापतात. पाँडिचेरीकडचा फ्रेंच पाद्री कर्दू याने १७४२ साली कोरोमंडलच्या छिटांची कृती मायदेशी लिहून पाठवली, तिच्यातही हिरडा आहे, म्हशीचे दूध आहे, तुरटी आहे. युरोप हे पत्र वाचत होता याचा अर्थ असा की तुरटी पुष्कळ असून भागत नाही, ती वापरायची कशी ते माहीत असावे लागते. तुरटीचा ढीग तर एव्हाना युरोपकडेही होता.

तो ढीग युरोपात सहजासहजी आलेला नव्हता. मध्ययुगात फ्लँडर्स आणि फ्लॉरेन्सच्या लोकरीला लागणारी उत्तम तुरटी आशिया मायनरच्या किनाऱ्यावरून, इझमीरजवळच्या फोकाइया गावातून येई. तेराव्या शतकात बायझंटाइन सम्राट आठव्या मिखाएलने हा मुलूख जेनोवाच्या झकारिया बंधूंना दिला, आणि तेव्हापासून जेनोवाच्या जहाजांनी तुरटीचा व्यापार मुठीत धरला. चौदाव्या शतकात कीऑस बेट जेनोवाकडे आले, तेव्हा तेही या व्यापाराचे कोठार झाले. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि दोनच वर्षांत फोकाइयाही तुर्की सुलतानाकडे गेले. सुलतानाला तुरटी विकायची होतीच. त्याने खाणी बंद केल्या नाहीत, ठेके दिले आणि भाव चढवले. लोकर रंगवणाऱ्या शहरांना तुर्की तुरटीवाचून गत्यंतर उरले नाही. पोपची कथा सुरू होते ती या भाववाढीतून, हे विसरले की पुढचे सगळे ईश्वरी चमत्कार वाटू लागते.

जोव्हानी दा कास्त्रो हा पडुआच्या एका नामवंत कायदेपंडिताचा मुलगा. त्याने कॉन्स्टँटिनोपलमध्ये इटालियन कापड आणून रंगवण्याचा धंदा मांडला होता. शहर पडले तेव्हा धंदा बुडाला. तो परत आला आणि पोपच्या राज्यात खजिन्याची नोकरी करू लागला. रोमच्या वायव्येला, चिविटावेक्कियाजवळच्या तोल्फाच्या डोंगरात फिरताना त्याला एक झुडूप दिसले. आशियातल्या तुरटीच्या डोंगरांवरही त्याने तेच पाहिले होते. मग त्याला पांढरे दगड दिसले. त्याने दगड चाटला, खारट, तुरट. दगड भाजला, तुरटी निघाली. हा तपशील खुद्द पोप दुसऱ्या पायसने आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे, आणि आधी आपल्याला ही बडबड वाटली होती हेही मोकळेपणाने लिहिले आहे. तुर्कांकडे खाणीवर काम केलेले जेनोवाचे जाणकार बोलावले गेले, त्यांनी दगड पारखला आणि साक्ष दिली. कास्त्रोने पोपला जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: तुर्क दरवर्षी ख्रिस्ती लोकांकडून तुरटीचे ३ लाखांहून जास्त डुकाट नेतो, मी तुम्हाला तुर्कावर विजय आणून दिला आहे, आणि असे सात डोंगर आहेत. साल १४६१–६२.

यातल्या चाटण्याच्या प्रसंगाकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. तोल्फाचा डोंगर तिथे लाखो वर्षे होता. त्या दगडांवरून गुराखी फिरत होते. डोंगरात तुरटी ‘आली’ ती परदेशात हात रंगवलेला एक माणूस तिथे पोचला तेव्हा. त्या दगडाचे वैशिष्ट्य असे की त्यात ॲल्युमिनिअम, पोटॅशियम आणि गंधकाम्लाचे मूळ अशी तिन्ही सामग्री एकत्र होती. भाजायचा, आठवडेच्या आठवडे पाणी शिंपडून भुसभुशीत करायचा, उकळायचा, आणि लाकडी टाक्यांत निवू द्यायचा, की कडांवर स्फटिक धरू लागत. यांपैकी पोटॅशियम काय करतो हे पुढची सव्वातीनशे वर्षे कुणालाच कळलेले नव्हते, पण कृती हातात असल्यावर कारण ठाऊक नसले तरी चालते. डोंगरात कामगारांची वस्ती झाली. तिचे नावच पडले अल्युमिएरे, म्हणजे तुरटीचे गाव. ते गाव अजून आहे.

आता मक्तेदारी. तुरटीचे उत्पन्न तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धासाठी राखून ठेवले असल्याचे जाहीर झाले. १४६४ मध्ये दुसरा पायस आंकोना बंदरावर आरमाराची वाट पाहता पाहता वारला. धर्मयुद्ध निघालेच नाही, तुरटी मात्र निघत राहिली. त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्या पॉलने तुर्की तुरटी घेणाऱ्यांवर बहिष्काराचे फर्मान काढले आणि १४६६ मध्ये विक्रीचा ठेका फ्लॉरेन्सच्या मेडिची पेढीला दिला. नेपल्सच्या राजाकडे इस्किया बेटावर दुसरी खाण होती. १४७० मध्ये पोप आणि राजा यांनी करार करून उत्पादन आणि भाव दोन्ही बांधून घेतले. आजच्या भाषेत याला कार्टेल म्हणतात, आणि त्यात एक पक्ष स्वतःला ईश्वराचा प्रतिनिधी म्हणवत असल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. त्याच सुमारास टस्कनीतल्या व्होल्तेर्रा गावाजवळ तुरटी सापडली. ठेका कुणाचा, नफा कुणाचा यावरून गावात आणि फ्लॉरेन्सच्या सत्तेत वाद पेटला, आणि जून १४७२ मध्ये फ्लॉरेन्सने पाठवलेल्या फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रोच्या फौजेने शरण आलेले शहर लुटले. फ्लॉरेन्सची सत्ता हाती असलेल्या लोरेंझो दे मेडिचीला खाण हवी होती की गावाचा माज उतरवायचा होता, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. खाण मात्र निकृष्ट निघाली आणि काही वर्षांत सोडून द्यावी लागली. १४७६ मध्ये पुढच्या पोपने तोल्फाचा ठेका मेडिचींकडून काढून त्यांच्या प्रतिस्पर्धी पात्सी घराण्याला दिला. दोन वर्षांनी त्याच पात्सींनी कॅथेड्रलमध्ये लोरेंझोच्या भावाचा खून केला. खुनाचे कारण तुरटी होती असे म्हणणे बालिशपणाचे होईल. पण त्या घराण्यांच्या वैराच्या हिशेबवहीत तुरटीचे एक पान होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

इथे कुणी म्हणेल की पोपच्या हेतूवर एवढा संशय घेणे अन्यायाचे आहे. तुर्कांचा धोका खरा होता, बाल्कनमधली राज्ये कोसळत होती, आणि तुरटीतला पैसा हंगेरीसारख्या आघाडीवरच्या सत्तांना पाठवला गेलाही. हे सगळे खरे आहे. पहिल्या काही वर्षांत हेतू प्रामाणिक होता असेच मीही मानतो. माझा मुद्दा हेतूचा नाही, यंत्रणेचा आहे. धर्मयुद्धासाठी म्हणून बांधलेला भाव धर्मयुद्ध ओसरल्यावर उतरला नाही. १५००च्या सुमारास तोल्फाचा ठेका सिएनाच्या आगोस्तिनो किजी या सावकाराकडे आला आणि तो युरोपातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाला. रोममध्ये टायबर नदीकाठी त्याने बंगला बांधला, त्याच्या भिंतीवर राफाएलने गालातेआचे चित्र काढले. ते चित्र पाहायला लोक आजही रांग लावतात. धर्मयुद्धाच्या पेटीतला पैसा तिथपर्यंत कोणत्या वाटेने पोचला हे त्या भिंतीकडे पाहताना लक्षात असू द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: तोल्फाची तुरटी विकली गेली ती फर्मानामुळे नव्हे, गुणामुळे. तिच्यात लोह जवळजवळ नव्हते. लोहाचा अंश असलेल्या तुरटीने लाल रंग मळतो, तपकिरीकडे झुकतो. किरमिजी रंगाच्या भारी कापडात तो डाग चालत नाही. डाळिंबाच्या रसाची प्लिनीची परीक्षाही याच लोहाशी निगडित असावी. रंगारी गुणाला पैसे मोजत होते, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच तोल्फाच्या खाणी मक्तेदारी संपल्यावरही कितीतरी पिढ्या चालल्या. पण हाच पुरावा उलट बाजूने वाचावा. माल इतका चांगला होता तर बहिष्काराची धमकी कशाला लागली? चांगला माल आपला भाव मिळवतोच. फर्मान लागते ते त्याच्या वरच्या भावासाठी. साधे, स्वस्त कापड रंगवणाऱ्याला किरमिजी शुद्धता नको होती, त्याला परवडणारी तुरटी हवी होती. फर्मान अडवत होते ते या गिऱ्हाइकाला.

तिसरा आक्षेप पाठ्यपुस्तकी आहे: पोपची तुरटी संपली ती धर्मसुधारणेमुळे, प्रॉटेस्टंट देशांनी पोपला झुगारले, तशी त्याची तुरटीही झुगारली. तारखा मात्र दुसरेच सांगतात. बर्गंडीचा ड्यूक धाडसी चार्ल्स हा कट्टर कॅथलिक. त्याने १४६८ मध्ये आपल्या मुलखात फक्त पोपची तुरटी घेण्याचा करार केला, आणि फ्लँडर्सच्या कापडगावांनी एवढा आरडाओरडा केला की तो करार काही वर्षांतच मागे घ्यावा लागला. तेव्हा धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा जन्मही झालेला नव्हता. इंग्लंडचा सातवा हेन्री पोपचा आज्ञाधारक पुत्र म्हणवणारा. त्याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्की तुरटी आणणाऱ्या व्यापाऱ्यांना पैसा आणि जहाजे पुरवून चांगली कमाई केली, आणि पोप दुसऱ्या जूलियसने १५०६ मध्ये त्या आयातीविरुद्ध फर्मान काढले. रोमशी काडीमोड घेतला तो त्याच्या मुलाने, १५३४ मध्ये. मक्तेदारीला भगदाड पडले होते ते आधीच, आणि ते पाडणारे धर्मनिष्ठच होते. धर्मसुधारणेने त्या भगदाडाला फक्त चौकट बसवली.

आता इंग्लंडला स्वतःची तुरटी हवी होती, आणि ती कशी मिळवली हे पाहिले की तोल्फाचा डोंगर किती सोयीचा होता ते कळते. यॉर्कशरच्या ईशान्य किनाऱ्यावर काळसर शेलचे कडे आहेत. त्यात ॲल्युमिनिअम आणि गंधक आहे, पण पोटॅशियम नाही म्हटले तरी चालेल. १६०७च्या सुमारास गिझबरोच्या आसपास कारखाने निघाले. शेल खणायची, झाडाच्या फांद्यांच्या थरावर तिचा डोंगर रचायचा आणि पेटवून द्यायचा. तो ढिगारा आठ-नऊ महिने आतल्या आत धुमसत राही. मग भाजलेला दगड टाक्यांत भिजवायचा, ते पाणी शिशाच्या कढयांत आटवायचे, आणि शेवटी त्यात समुद्री शेवाळाची राख नाही तर माणसाचे मूत्र ओतायचे. विनोद नाही, आंबलेल्या मूत्रातला अमोनिया पोटॅशियमची जागा घेतो. न्यूकॅसल, हल, अगदी लंडनहूनही मूत्राची पिंपे जहाजाने येत. द्रावण पुरेसे दाट झाले का हे कळायला कोंबडीचे अंडे त्यात सोडत: अंडे तळातून वर येऊन तरंगू लागले की स्फटिक धरायला वेळ झाली. एक टन तुरटीसाठी पन्नास ते शंभर टन शेल लागे. निसर्गाने दिलेली वस्तू म्हणून याकडे बघणे कठीण आहे. ही तर हट्टाने पिळून काढलेली वस्तू होती. गिझबरोच्या टॉमस चॅलोनरने पोपचे कामगार पिंपांत लपवून पळवून आणले आणि पोपने त्याला शाप दिला, अशी कथा तिकडे रंगवून सांगतात. शापाचा म्हणून जो मजकूर छापला जातो तो रॉचेस्टरच्या बिशपच्या नावावरचा, चॅलोनरच्या काही शतके आधीचा आहे. पण अशी कथा रचावीशी वाटली, यावरून पोपच्या मक्त्याची आठवण लोकांच्या मनात किती खोल होती ते दिसते. आणि गंमत अशी की ही नवी तुरटी निघताच १६०९ मध्ये राजा पहिला जेम्स याने तिची मक्तेदारी स्वतःकडे घेतली आणि बाहेरची तुरटी आणायला मनाई केली. पोप गेला, मक्ता राहिला. राजाला त्यात मुबलक नफा झाला असेही नाही.

या मालिकेचा शेवट दुसऱ्या खाणीने केला नाही, प्रयोगशाळेने केला. १७५४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफने दाखवले की तुरटीतली ‘माती’ चुन्यापेक्षा वेगळी आहे. १७९७ मध्ये फ्रान्समध्ये व्होक्लाँ आणि शापताल यांनी पोटॅश हा तुरटीचा आवश्यक घटक असल्याचे सिद्ध केले, आणि मूत्राच्या पिंपांचे, राखेचे, तोल्फाच्या दगडाचे सगळे गूढ एका झटक्यात उकलले. एकदा घटक कळले की कुठलीही ॲल्युमिनिअमयुक्त माती, गंधकाम्ल आणि पोटॅश किंवा अमोनिया एकत्र आणले की तुरटी. १८४५ मध्ये मँचेस्टरच्या पीटर स्पेन्सने कोळशाच्या खाणीतली टाकाऊ शेल आणि गॅसच्या कारखान्यातला टाकाऊ अमोनिया वापरून ती बनवायला सुरुवात केली. दोन उकिरड्यांतून निघालेली वस्तू राजाचा मक्ता कसा सांभाळणार? यॉर्कशरचे शेवटचे कारखाने १८७१ मध्ये बंद पडले.

तुरटीच्या नावाने जन्मलेल्या धातूचीही हीच गत झाली. लॅटिन ‘अलुमेन’ म्हणजे तुरटी, त्यावरून हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये अजून हाती न लागलेल्या धातूचे नाव ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो जवाहिऱ्याकडे मिरवत होता; १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी विजेने तो काढायची रीत शोधली आणि त्याची पातेली झाली. त्या रीतीला लागणारी शुद्ध ॲल्युमिना बॉक्साइटपासून काढण्याची पद्धत कार्ल बायर याने १८८७–८८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला शोधली. ती कशासाठी शोधली होती? सुती कापड रंगवणाऱ्यांना रंगबंधक पुरवण्यासाठी. विमानापासून चहाच्या पातेल्यापर्यंत सगळ्या ॲल्युमिनिअमच्या पोटात हा रंगाऱ्याचा उद्योग आहे. राधानगरीकडच्या डोंगरातला बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात याच पद्धतीने शिजतो.

राहिली कातडी. कापडाने तुरटीचे राजकारण चालवले तोवर तिचा कातडीवरचा उपयोग न्हाव्यावैद्यांपुरता होता, आणि त्यामागचे तत्त्व तेच होते: ॲल्युमिनिअम जिथे जाईल तिथे सुटे कण आणि प्रथिने गोळा करून घट्ट करतो. गढूळ पाण्यात गाळ, कापडावर रंग, जखमेवर रक्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घाम थांबवण्यासाठी ॲल्युमिनिअम क्लोराइडची द्रावणे विकली जाऊ लागली. ती इतकी आम्ल होती की काखेबरोबर सदराही खात. १९४०च्या दशकात त्याची जागा ॲल्युमिनिअम क्लोरोहायड्रेट या सौम्य क्षाराने घेतली. घामाच्या नळीच्या तोंडाशी तो जेलीसारखा गोळा होऊन तात्पुरते बूच लावतो. हाच क्षार पाणी शुद्ध करायलाही वापरतात, म्हणजे हंडा आणि काख यांचे नाते अजून तुटलेले नाही.

अलीकडे शहरांतल्या दुकानांत पारदर्शक ‘क्रिस्टल’ डिओडरंट दिसते: गुळगुळीत, मुठीत मावणारा खडा, देखणे वेष्टन, वर ‘नैसर्गिक’, आणि बरेचदा ‘ॲल्युमिनिअम क्लोरोहायड्रेट नाही’ हे शब्द ठळक. ते शब्द खोटे नाहीत, पण वाचणारा त्याचा अर्थ ॲल्युमिनिअमच नाही असा घेतो, आणि भाव त्या गैरसमजाचा लागतो. तो खडा म्हणजे पोटॅशियम किंवा अमोनियम ॲलम, बहुधा कारखान्यात बनवलेली तुरटी. न्हाव्याच्या फळीवरच्या खड्यात आणि त्याच्यात रसायन म्हणून सांगण्यासारखा फरक नाही, आणि ॲल्युमिनिअम दोन्हींत आहे. पैसे देण्याआधी वेष्टन उलटून बारीक अक्षरांतली घटकांची ओळ वाचावी, आणि मग त्याच रस्त्यावरच्या किराणा दुकानात तुरटीचा भाव विचारावा.